जयाची चाल

भीमसेनच्या घरात सगळ्यांना गळा होता, एका जयाला सोडून. भीमसेन बेळगावजवळच्या मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होता. दिवसभर लोखंड कानशीत, संध्याकाळी पेटी पुढ्यात. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या वस्तीचं गायन मंडळ गायचं आणि त्या गाण्यांच्या सगळ्या चाली भीमसेनच बांधायचा. थोरली मुलगी सुला पुढे बसून गायची. धाकटी जया मागे झांज घेऊन बसायची. तिचा आवाज लहानपणापासून घोगरा, आणि वर गेला की मधेच तुटायचा. ‘ह्या पोरीच्या गळ्यात सायकलची चेन हाय,’ असं भीमसेन चारचौघांत म्हणायचा आणि जयाही सगळ्यांबरोबर हसायची. पण पेटीवर बापाचं बोट चुकलं की झांज एक क्षण थांबायची. कुणाचा सूर कुठं घसरला हे त्या मंडळात सगळ्यांत आधी तिला कळायचं.

मी तेव्हा बेळगावच्या शहापूर भागातल्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. जया नववीत होती. मच्छ्याहून बसनं यायची. १९८६च्या जूनमध्ये सरकारी योजनेतून शाळेला एक संगणक मिळाला. मुख्याध्यापक मारुतीरावांनी नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं आणि खोलीला कुलूप घातलं. चपला बाहेर काढल्याशिवाय आत जायचं नाही असा नियम केला. धूळ बसेल म्हणून मशीनवर त्यांच्या घरची शाल असे. त्या शालीखालून मशीन बाहेर काढून ते मुलांच्या हाती द्यायला मला बराच काळ चहा आणि गोडीगुलाबी खर्च करावी लागली.

बेंगळूरला नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला एक कॅसेट पाठवली. गाण्याची असते तसलीच. पण तिच्यात गाणं नव्हतं, लिस्प नावाची एक भाषा होती. कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, त्याची वायर संगणकाला जोडायची आणि बटण दाबायचं. थोडा वेळ कर्कश किरकिर चाले आणि मग मशीनला ती भाषा आलेली असे. पुढे टेपरेकॉर्डरचं काम संपलं.

ही भाषा मला आवडली, कारण ती गणितातल्या फलनांची होती. मशीनकडून काम करून घेण्याची नेहमीची रीत म्हणजे हुकूम सोडणं. हा डबा घे, त्यात पाच ठेव, आता पाच काढ, सहा ठेव. डब्यात या घडीला काय आहे ते सतत ध्यानात ठेवावं लागतं आणि एक डबा चुकला की सगळं बिघडतं. दुसऱ्या रीतीत डबे नाहीत. लहान लहान फलनं करायची आणि एकाच्या तोंडाला दुसरं लावायचं.

फलन म्हणजे काय हे मी मुलांना पिठाच्या गिरणीवरून सांगत असे. वरून ज्वारी घातली की खाली ज्वारीचं पीठ, गहू घातला की गव्हाचं. जे घालाल त्यावरच काय येणार हे ठरलेलं. तेव्हा मागच्या बाकावरून जयानं हात वर केला.

“सर, तसं न्हाय हुईत. नाचण्यावर गहू टाकला की पहिलं पीठ काळं येतंय. गिरणीला आधीचं आठवतंय.”

वर्ग हसला. मला मात्र तिला उचलून टेबलावर बसवावंसं वाटलं. इतकी वर्षं मी ते उदाहरण देत होतो आणि त्यातली खोट कुणी दाखवली नव्हती. मी म्हणालो, अगदी बरोबर, आणि म्हणूनच आपल्याला अशी गिरणी हवी जिला आधीचं काहीच आठवत नाही. आज दळा, वर्षानं दळा, कशाच्याही मागून दळा, गव्हाचं पीठ गव्हाचंच. फलन म्हणजे ती गिरणी.

मधल्या सुट्टीत जया माझ्यामागून आली. गिरणीत ज्वारीऐवजी सूर घातले तर काय येईल, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, घालून बघ.

दिवाळीपर्यंत तिनं काय काय केलं ते सांगतो. ते समजायला संगीत यावं लागत नाही.

तिनं सुरांची एक ओळ घेतली. समजा सा रे ग. तिचं पहिलं फलन होतं पलटा. प्रत्येक सूर एक पायरी वर सरकवायचा, म्हणजे सा रे ग चं रे ग म, आणि ज्या रागात म नाही त्यात रे ग प. पेटी शिकणारं पोर पहिल्या दिवशी हेच करतं. दुसरं फलन उलट. शेवटचा सूर आधी, पहिला शेवटी. तिसरं जोड. दोन ओळी दिल्या की त्यांची एक सलग ओळ. ओळ आठ मात्रांना कमी पडली तर शेवटचा सूर लांबवून ती आठाची करणारं एक. मशीनला अक्षरं फक्त इंग्रजी येत, पण नावं आपण देऊ ती, म्हणून पडद्यावर पलटा आणि उलट हेच शब्द इंग्रजी अक्षरांत दिसत.

यात एक गोष्ट मी मुलांच्या मनावर ठसवत असे. उलट हे फलन मूळ ओळ उलटी करत नाही. ते मूळ ओळीकडे बघून नवी, उलटी ओळ तयार करतं. मूळ ओळ जिथं होती तिथंच, जशीच्या तशी. वर्गात मी सात मुलांची रांग उभी केली आणि म्हटलं, आता ही उलटी करा, पण या सातांतल्या कुणी जागचं हलायचं नाही. पोरं बुचकळ्यात पडली. मग जयानं दुसरी सात मुलं उठवली आणि पहिल्यांच्या समोर उलट्या क्रमानं उभी केली. इतकंच.

सगळ्यांत शेवटी तिनं माळ नावाचं फलन केलं, आणि ते बघून मीच चकित झालो. माळेला नुसते सूर द्यायचे नव्हते. एक ओळ द्यायची, शिवाय पलटा, उलट ही कामंही द्यायची, आणि एक आकडा. कुठलं काम कुठल्या क्रमानं लावायचं हे त्या आकड्यावरून ठरे. आकडा बदलला की माळ वेगळी. तोच आकडा पुन्हा दिला की तीच माळ. एका छोट्या ओळीतून मशीन अख्खं गाणं बांधून वाजवायचं. आवाज चिरका होता, पण सूर बरोबर लागायचा.

एके रविवारी भीमसेन शाळेत आला. चपला काढून, हात मागं बांधून त्यानं जयाच्या मशीनचा भूप राग ऐकला, मग दुर्गा ऐकला.

“आवाज बेडकाचा हाय,” तो म्हणाला, “पर सुरात हाय. तरी पोरी, ह्याला चाल म्हणत न्हाईत. चाल गळ्यातनं येती.”

“माझ्या गळ्यातनं येत न्हाय,” जया म्हणाली. “मग मला चालच नसावी व्हय, आप्पा?”

भीमसेन वाईट माणूस नव्हता, उलट मुलींवर त्याचा जीव होता. पण चालीच्या बाबतीत तो कुणालाच सूट देत नसे, स्वतःलाही नाही. शेवटी तो म्हणाला की उचगावच्या भावकू मास्तरांनी जर मशीनच्या ह्या गाण्याला चाल म्हटलं, तर येत्या जयंतीला मंडळ ती गाईल. शब्द तो स्वतः लिहील. जया हो म्हणाली, इतक्या पटकन की भीमसेन माझ्याकडे बघायला लागला.

भावकू मास्तर कोण हे आमच्या भागात सांगावं लागत नसे. उचगावला त्यांची शेती होती. तरुणपणी वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहून गाणं शिकले होते आणि आता आठवड्यातून दोनदा बेळगावात येऊन शिकवत. कौतुक हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. रेडिओवर गाऊन आलेला एक गायक मोठ्या उमेदीनं त्यांना ऐकवायला गेला, तेव्हा ऐकून झाल्यावर त्यांनी त्याला पाणी दिलं आणि बसची वेळ सांगितली.

जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. परीक्षक म्हणून बाहेरून दोघे येणार होते, एक भौतिकशास्त्राचे आणि एक शेतकी खात्यातले. गाणाऱ्या मशीनला गुण कसे द्यायचे ते आम्हाला कळत नाही, असं दोघांनीही आधीच कळवलं. मारुतीराव चिंतेत पडले. तेव्हा जया त्यांच्या खोलीत गेली आणि उचगावच्या मास्तरांना बोलवा, असं सांगून आली. मारुतीरावांना ती कल्पना फारच पसंत पडली. मोठा माणूस शाळेत येईल, पेपरात नाव येईल. ते स्वतः उचगावला जाऊन आमंत्रण देऊन आले.

प्रदर्शनाच्या दिवशी संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. आत येणारा प्रत्येक जण आधी टेपरेकॉर्डर बघायचा, मग गाणं ऐकायचा आणि म्हणायचा, टेप छान लावलीय. कुणाचं हो हे गाणं? जया प्रत्येकाला समजावून सांगे की टेप बंद आहे, गाणं मशीनमधून येतंय. लोक मान डोलवायचे आणि जाता जाता दुसऱ्याला सांगायचे की आत टेप लावलीय. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतली मुलंही आली होती. पडद्यावरचे सा रे ग म त्यांनी खड्या आवाजात वाचून दाखवले आणि त्यातल्या एकीनं मात्र नेमकं विचारलं की आकडा बदलला तर काय होतं.

दुपारी भावकू मास्तर आले. धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी. मागोमाग भीमसेन आला, कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून. तो दारातच उभा राहिला. मास्तरांना खुर्ची दिली. त्यांनी भूप ऐकला आणि टेपरेकॉर्डरकडे बोट केलं. कुणाचं रेकॉर्ड आहे म्हणाले.

जयानं टेपरेकॉर्डरची वायर उपसली, कॅसेट बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

“खिशात ठेवा, सर. आणि आता तुम्हीच सूर द्या. कुठलेबी. शिवाय एक आकडा.”

मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. कॅसेट त्यांनी खरंच कोटाच्या खिशात घातली. मग डोळे मिटून, अगदी हलक्या आवाजात त्यांनी एक ओळ घेतली. प म ग रे सा. ग कोमल. खोलीतला गलका आपोआप थांबला. आकडा म्हणाले, सतरा.

जयानं ओळ टंकली, आकडा टंकला. मशीन वाजू लागलं. आधी मास्तरांची ओळ, जशी दिली तशी. मग तिचा पलटा, ध प म ग रे. मग उलट, म्हणजे सा रे ग म प. एवढं झालं आणि मास्तरांचा हात वर गेला.

“थांबव. मी भीमपलास दिला व्हता. ह्यो भीमपलास न्हवं.”

दारात भीमसेननं डोळे खाली केले. त्यालाही ऐकू आलं होतं.

काय झालं ते सांगतो. भूप आणि दुर्गा हे सरळ राग आहेत. ज्या वाटेनं चढायचं त्याच वाटेनं उतरायचं, म्हणून ओळ उलटी केली तरी राग मोडत नाही. भीमपलास तसा नाही. उतरताना त्यात सगळे सूर येतात, पण चढताना रे आणि ध यांना शिवायचं नसतं. मास्तरांची ओळ उतरती होती आणि तीत रे होता, तो योग्यच होता. तीच ओळ उलटी केल्यावर चढती झाली आणि रे वाटेत उभा राहिला. जयानं आजवर फक्त भूप आणि दुर्गा वाजवून बघितले होते. दोन्ही वेळा उलट चालून गेलं होतं आणि त्यामुळे ते सगळीकडे चालतं असं तिला वाटलं होतं. मलाही.

मास्तर खुर्चीवरून उठले. रागावले नव्हते. मशीनला राग कळत नाही, त्यात पोरीचा दोष नाही, असं ते मारुतीरावांना म्हणाले आणि चपला शोधू लागले. मारुतीरावांचा चेहरा पडला. आणि मग जया बोलली, त्याच आवाजात ज्या आवाजात तिनं मला गिरणीतल्या नाचण्याचं सांगितलं होतं.

“मशीनला काहीच कळत न्हाय, सर. मला कळालं न्हवतं. आता तुम्ही सांगितलासा, आता कळालं. तुम्ही चा घ्या, तवर करते.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग परत बसले. मारुतीरावांनी चहा मागवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, सर, तुम्हीच करून टाका की पटकन. मी म्हटलं, काम तिचं आहे. हात मात्र मी पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, कारण ते आपोआप पुढं जायला बघत होते.

जयानं उलट पडद्यावर आणलं. त्यातच काहीतरी दुरुस्त करायचं, हेच कुणालाही सुचेल. मलाही तेच सुचलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग मान हलवून ते तसंच सोडून दिलं.

“उलट बरोबर हाय, सर,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “त्याला उलटं कर म्हटलं, त्यानं केलं. दुर्गाला ते तसंच पायजे. ह्यात हात घातला तर ते बिघडंल.”

तिथं मी निर्धास्त झालो. पुढं काय होईल याची मला फिकीर उरली नाही. जी गोष्ट बरोबर आहे तिला हात न लावता नवी गोष्ट शेजारी ठेवायची, हे मोठ्या मोठ्या माणसांना साधत नाही.

तिनं नवं फलन लिहायला घेतलं आणि त्याला नाव दिलं चाळण. चाळणीनं सुरांच्या ओळीवरून जोडी जोडीनं जायचं. हा सूर आणि त्याच्या पुढचा. पुढचा खाली असेल तर काही करायचं नाही. पुढचा वर असेल, म्हणजे आपण चढत असू, आणि त्या जोडीत रे किंवा ध असेल, तर तो गाळायचा. झालं. जुन्या एकाही फलनाला तिनं स्पर्श केला नाही. चाळण कुठं लावायची याचा मात्र ती थोडा वेळ विचार करत बसली. प्रत्येक ओळीला वेगळी लावली तर ओळीत लपलेला रे सापडेल. पण एक ओळ सा वर संपून दुसरी ध पासून सुरू झाली तर? सा वरून ध वर जाणं हेही चढणंच. तो सांध्यातला ध निसटेल. म्हणून तिनं चाळण सगळ्यांच्या शेवटी लावली, पूर्ण माळ ओवून झाल्यावर.

मास्तरांची बशी अजून भरलेलीच होती. मशीन पुन्हा वाजलं. उलटी ओळ आली, सा ग म प. रे नाही. भीमपलास झाला होता. पण जया हातानं टेबलावर ताल धरून होती आणि तिचा हात अडखळला.

“मात्रा खाल्ली,” दारातून आवाज आला. भीमसेनच्या तोंडून ते निघून गेलं होतं.

“व्हय आप्पा, ऐकलं,” जया म्हणाली.

रे गळला तेव्हा त्याची जागाही गळली होती. आठ मात्रांची ओळ सातांत संपली आणि पुढचं सगळं एक पाऊल आधी येऊ लागलं. जयानं चाळणीत एवढाच बदल केला की गाळलेल्या सुराच्या जागी आधीचा सूर तेवढाच लांब धरायचा. मशीनच्या दृष्टीनं अगदी लहान गोष्ट. तिनं तिसऱ्यांदा तीच ओळ आणि तोच आकडा दिला.

प म ग रे सा. मग दुसरी ओळ, पण तिच्या सुरुवातीचा ध आता नव्हता. त्याच्या जागी मागचा सा रेंगाळला आणि मग प वर उडी गेली. मग उलटी ओळ. सा आला, थांबला, आणि त्या थांबण्यातून ग वर गेला, मग म, मग प.

आतापर्यंत जयाच्या मशीनची गाणी भरभर पायऱ्या चढणाऱ्या पोरासारखी होती. नीट, पण दम न घेता. ही पहिली चाल जिच्यात श्वास होता. तो नेमका तिथंच पडत होता जिथं सूर गाळला होता.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. परत, म्हणाले. जयानं परत वाजवली. या वेळी मास्तर मशीनबरोबर गुणगुणू लागले. तो लांब सा त्यांनी गळ्यात धरला, आणि ग वर गेले तेव्हा तो ग असा झोके घेत आला की मशीनचा चिरका ग त्याच्या पोटात विरघळून गेला. खोलीत येऊन उभे राहिलेले शेतकी खात्याचे परीक्षकही पुढं सरकले.

वाजून संपलं तेव्हा मास्तरांनी विचारलं की सा वर थांबायचं कुणी शिकवलं.

“कुणी न्हाय, सर. रे काढला तिथं भोक पडलं. ताल मोडाय लागला म्हणून मागचा सा ओढून भोक बुजवलं.”

मास्तर हसले. मी त्यांना हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

“आम्हीबी तेच करतो गं बाळ,” ते म्हणाले. “फकस्त भोक म्हणत न्हाय.”

मग त्यांनी तिची चांगलीच परीक्षा घेतली. दुसरा आकडा दिला, मग तिसरा. दुसरी ओळ दिली, मुद्दाम आडवळणाची. एका ठिकाणी त्यांना उडी पसंत पडली नाही आणि ते तसं बोलले. जयानं ते ऐकून घेतलं आणि त्याचीही वेगळी चाळण करता येईल म्हणाली. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड नाही, सुराला ओझरता शिवणारा कण नाही, आवाज म्हणजे नुसती शिक्षा, हे सगळं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा सतरावर यायला सांगितलं. तीच चाल, सूर न सूर तोच. ती ऐकल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं की हिचा बाप कोण.

भीमसेन पुढं आला. हात जोडून उभा राहिला.

“पोरीनं चाल बांधलीया,” भावकू मास्तर म्हणाले. “बेडकाचा आवाज मशीनचा हाय. गळा तुम्ही द्या.”

एवढं बोलून ते उठले, खिशातली कॅसेट जयाच्या हातात ठेवली आणि निघाले. मारुतीराव त्यांना पोचवायला फाटकापर्यंत धावले. परीक्षक आपापसात बोलत दुसऱ्या खोलीत गेले. कुठला नंबर मिळाला हे विचारायचं जयाच्या ध्यानातही आलं नाही, कारण भीमसेन अजून मशीनसमोर उभा होता.

तो काय म्हणतो याची ती वाट बघत होती. त्यानं शाबास म्हटलं नाही. खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला आणि मंडळात नवी चाल बसवताना तो ज्या सुरात बोलतो त्याच सुरात म्हणाला, “हे धृपद झालं. अंतऱ्याला काय?”

जयानं ओळ बदलली, वरच्या सा कडे जाणारी घेतली. आकडा दिला. मशीननं अंतरा वाजवला.

“ही न्हाय,” ती म्हणाली.

“का गं? बरी हाय की.”

“सुलाआक्का गाणार. हिच्यात तिला दम घ्यायला जागाच न्हाय.”

दुसरा आकडा. भीमसेननं मान डोलवली, पण जयानं पुन्हा नको म्हटलं, ही धृपदासारखीच वाटते म्हणाली. तिसरा आकडा तिनं अर्ध्यातच तोडला. मी दारात उभा राहून ऐकत होतो. मशीन न दमता एकामागून एक अंतरे बांधत होतं आणि नववीतली ती मुलगी त्यातले एकेक बाजूला सारत होती, भाजीवाली किडकी वांगी काढते तशी, शांतपणे आणि घाई न करता.

मग एक आला. सुरुवातीलाच वर न जाता मधल्या म वर घुटमळला, तिथं थांबला आणि मग वरचा सा घेतला. जयानं तोच आकडा पुन्हा दिला, तोच अंतरा पुन्हा ऐकला.

“ही,” ती म्हणाली.

भीमसेननं डोळे मिटून तो गुणगुणला. एकदा चुकला. जयानं मान हलवली तशी त्यानं ती जागा सुधारून घेतली. तिसऱ्या वेळी त्याच्या ओठांवर शब्द यायला लागले, अजून अर्थ नसलेले, नुसते चालीवर बसतात का बघायला टाकलेले. मधेच तो थांबला.

“पहिला शब्द कुठं उचलायचा? समेवर का त्याच्या पुढनं?”

“पुढनं, आप्पा,” जया म्हणाली, आणि टेबलावर बोटानं ताल देत तिनं त्याला जागा दाखवली.